दुधावरची बशी

बाबा, तुम्ही गेल्याला बावीस वर्षे झाली, आणि हयात असतानाही तुम्हांला अक्षरओळख नव्हती. तेव्हा हे पत्र दोन्ही अंगांनी निरुपयोगी आहे, याची मला जाणीव आहे. घरात मी तुम्हांला जन्मभर ‘तू’ म्हणालो. लिहायला बसल्यावर मात्र हात आपोआप ‘तुम्ही’ लिहितो आहे. छत्तीस वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढल्यामुळे कागदावर मला एवढीच एक भाषा येते, ती गोड मानून घ्या. आधी बातमी सांगतो. तुमची सून गेली. त्याला आता वीस महिने झाले. आजार चार महिन्यांचा होता, उपचारांत काही उणे राहिले नाही आणि शेवटी तिला फार त्रास झाला नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी ही तीन वाक्ये याच क्रमाने सांगितली आहेत. तुम्हांलाही तीच सांगतो, कारण चौथे वाक्य मला अद्याप जमलेले नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी, तळ्याकडे वळताना उजव्या हाताला जी लांब भिंत आहे ती तुम्हांला आठवत असेल. तुमच्या वेळी तिच्यावर निवडणुकीच्या घोषणा असत. पुढे पानाच्या पिचकाऱ्या आल्या. मागच्या काही वर्षांत या गल्लीतून एकामागून एक बरीच माणसे गेली, काही साथीत, काही वयाने, काही उगीचच. समोरच्या इमारतीत चित्रकलेच्या एक शिक्षिका राहतात, वय तिशीच्या आतबाहेर. त्यांचा धाकटा भाऊ न्हावा-शेव्याला बंदरात नोकरीला होता. कामावर जाताना त्याची मोटारसायकल कंटेनरच्या गाडीखाली आली. वर्षभर त्या बाई कोणाशी फारसे बोलल्या नाहीत, आणि मग एके दिवशी घरोघर जाऊन सांगू लागल्या की या भिंतीवर आपण सगळ्यांनी मिळून एक चित्र करायचे, रंगांचे नव्हे, तुकड्यांचे. ज्याच्या घरचे माणूस गेले असेल त्याने त्या माणसाच्या वापरातली चिनी मातीची एखादी वस्तू आणायची. ती स्वतःच्या हाताने फोडायची. तुकडे डब्यात ठेवून डब्यावर त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी लावायची. आणि भिंतीवर आपले तुकडे आपणच बसवायचे. चित्र मिठागराचे ठरले. लोकांनी आणलेल्या वस्तूंत पांढरा रंग फार निघाला, आणि पांढऱ्याचे दुसरे काय करावे हे कोणाला सुचेना. वर आकाश, मागे खाडी, पुढे चौकोनी आगरे आणि बांधांवर मिठाच्या राशी.

बाई माझ्याकडेही आल्या. “सर, काकूंचं काही असेल ना घरात?” त्यांनी दारातूनच विचारले. मी विचार करून सांगतो म्हणालो. वास्तविक विचार करण्यासारखे काही नव्हते. ती वस्तू कोणती, हे मला त्या दारात उभ्या असतानाच माहीत होते. निळ्या काठाची पांढरी बशी. तिचा कप तुम्ही गेलात त्या वर्षी फुटला, आणि तेव्हापासून तुमच्या सुनेने ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. पातेले बदलले, शेगडी बदलली, बशी तीच राहिली. पत्नी गेल्यानंतर सकाळी दूध तापवून ते निवले की मीही तीच बशी ठेवत आलो. ती दिली तर दुधावर काय ठेवायचे, असा प्रश्न मी स्वतःला अत्यंत गंभीरपणे विचारला. घरात स्टीलच्या अकरा ताटल्या आहेत.

त्या बशीचा एक दिवस तुम्हांलाही ठाऊक आहे. आमचे प्राचार्य सपत्नीक चहाला आले होते. तुम्ही कामावरून येऊन बाहेरच्या खोलीत बसलात, हाताला पांढरे सिमेंट तसेच, आणि नेहमीप्रमाणे चहा बशीत ओतून आवाज करून प्यालात. ते गेल्यावर मी तुम्हांला सांगितले की पाहुण्यांसमोर चहा कपाने प्यायचा असतो. तुम्ही रागावला नाहीत. “कपानं जीब भाजते रं,” तुम्ही म्हणालात, “बशीनं नाय भाजत. तुज्या प्राचार्याची जीब तांब्याची हाय का?” मी हसलो नाही. पुढच्या खेपेस तेच पाहुणे आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातच बसून राहिलात. मग काय होते, तर माझी पत्नी ट्रे घेऊन बाहेर येते, खुर्चीवर टेकते, आपला चहा शांतपणे निळ्या काठाच्या बशीत ओतते आणि तुमच्यापेक्षा मोठा आवाज करून पिते. “आमच्याकडे असाच पितात,” ती प्राचार्यांच्या पत्नीला सांगते. “तुम्हांला हवी का बशी? जीभ भाजत नाही.” त्या बाईंनी बशी घेतली. आतून तुमचे खोकणे ऐकू आले; ते खोकणे नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते. त्यावर आम्हां दोघांत कधीही चर्चा झाली नाही.

बशी मी दिली नाही, पण कामाला जाऊ लागलो. आमच्या इमारतीखाली गाड्या ठेवण्याच्या जागेत एक कोपरा रिकामा होता, तिथे टेबले मांडली होती. भिंतीला लागून श्रीखंडाचे आणि तुपाचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. कोपऱ्याला जाळीचे दार होते आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती, कारण मी कुठेही जाणार नाही याची सर्वांना खात्री होती. भिंतीचे काम सुरू व्हायच्या आधीच्या बुधवारी दुपारी मी एकटाच तिथे बसलो होतो. डब्यांतले तुकडे पाहत होतो. धुळीचे, आकाराने वेडेवाकडे, एकेका डब्यात चार रंगांचे. आणि मला आपल्या जुन्या घराची पडवी आठवली.

तुम्ही नव्या इमारतींच्या गच्च्यांवर चिनी लाद्यांचे तुकडे बसवायचे काम करत होतात. ऊन आत येऊ नये, पाणी झिरपू नये, म्हणून करतात ते. लोक त्याला चायना मोझॅक म्हणतात आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण गच्चीवर कोणी जात नाही. दुकानांतल्या फुटक्या लाद्यांची गोणी आदल्या संध्याकाळी तुम्ही पडवीत ओतायचात आणि तुकडे निवडायला बसायचात. पांढरे एकीकडे, निळसर एकीकडे, सायीच्या रंगाचे तिसरीकडे. “एका गोनीचं एका जागी लावलंस का ठिगल दिसतं,” तुम्ही सांगायचात. “समदं निवडायचं, मंग मिसलायचं.” महाविद्यालयाच्या सुट्टीत मीही निवडायला बसत असे. तुमच्या कामातला तेवढाच भाग मी आनंदाने केला. तो घरात बसून करता येई.

त्या बुधवारी एक ते साडेपाच मी तेच केले. तेवीस डबे टेबलावर रिकामे केले. तुकडे साबणाच्या पाण्यात धुतले, पुसले, आणि भाजीच्या प्लास्टिकच्या पाच क्रेटमध्ये रंगाप्रमाणे लावले. डबेही धुतले. चिठ्ठ्या कोमट पाण्यात भिजवून सोलून काढल्या आणि डबे एकात एक घालून ठेवले. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याला त्या क्षणी काहीही खटकले नाही. उलट मला बरे वाटत होते. ती गेल्यानंतर प्रथमच एक अख्खी दुपार कशी गेली ते कळले नव्हते. तुमच्या लाद्यांना मालक नव्हते, बाबा. ही एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

रविवारी सकाळी सगळे जमले. सगळ्यांत पुढे तळमजल्यावरच्या आजी होत्या. त्या उरणकडच्या मिठागराच्या घरातल्या, नवरा गेल्याला तीन वर्षे झालेली. बाईंनी भिंतीवर काढलेले चित्र पाहून त्यांनी आधीच सर्वांना हसवले होते. “मिटाची रास अशी गोल नसते गो बाय,” त्या म्हणाल्या होत्या. “ही त भाताची मूद जाली. वरण आन वाईच.” बाईंनी त्यांच्याकडून खडूने राशीचा खरा आकार काढून घेतला होता. आता आजी डबा शोधू लागल्या. डबे स्वच्छ होते.

“आमच्या म्हाताऱ्याचा कप कंच्या डब्यात हाय?”

मी क्रेट दाखवले. रंगाप्रमाणे निवडल्याने काम जलद होईल, असे मी सांगितले. माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, हे नोंदवले पाहिजे. मग आमच्या गल्लीतले हार्डवेअरचे दुकानदार, कोकणी मुसलमान आहेत, दोन्ही मुलगे आखातात असतात, भिंतीसाठी सिमेंट त्यांनीच दिले, ते म्हणाले, “सर, लायब्ररीत पण पुस्तकं रंगावरूनच लावायचात काय? लाल इकडे, हिरवी तिकडे?”

दोघेतिघे हसले आणि लगेच थांबले, कारण बाकीचे क्रेटवर वाकून तुकडे उपसू लागले होते. दुकानदारांच्या आईच्या वाडग्यावर हिरवी वेल होती. ती त्यांना पाच मिनिटांत मिळाली. लोणच्याच्या बरण्यांचे तपकिरी तुकडे ओळखू आले, त्यांवरून थोडा वाद होऊन मिटला. पांढऱ्याच्या क्रेटपाशी आजी खाली बसल्या. एकेक तुकडा अंगठ्याने चाचपून बाजूला ठेवत होत्या. “ह्यो नाय. ह्यो बी नाय.” मग त्यांनी वर पाहिले. “च्याचा डाग होता तेच्या आतून. पिवला. त्यो कुटं गेला?”

“मी ते सगळे धुतले,” मी म्हणालो.

“धुतलंस?”

“हो.”

“चालीस वर्सांचा डाग,” आजी म्हणाल्या, “धुतलास तू.”

चित्रकलेच्या बाई पांढऱ्या क्रेटकडे नुसत्या पाहत होत्या. त्यांच्या भावाचा चहाचा मग अगदी साधा होता, त्यावर ना वेल, ना काठ, ना डाग. “माझे सगळे पांढरेच होते, सर,” एवढेच त्या म्हणाल्या आणि जाळीच्या दारातून बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीची वाक्ये मला चांगली येतात. ती कोणी ऐकत नव्हते.

“न तुजं कंचं हाय यात?” आजींनी विचारले.

मी अजून काही आणलेले नाही, असे सांगितले.

“म्हंजे समद्यांचं धुवून वाटून बसलास, न तुजं घरी साबूत?”

“जाऊ द्या, आजी,” दुकानदार म्हणाले.

“काय जाऊ द्या? मास्तर मानूस हाय, इचारते मी.”

तेवढ्यात बाई परत आत आल्या. डोळे पुसलेले होते, आवाज शाळेतला होता. “पांढरं सगळं मी लावणार,” त्या म्हणाल्या. “राशी सगळ्या मी करणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हणजे त्याचे तुकडे माझ्याच हातून जातील, कुठले ते कळलं नाही तरी. आजी, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि कुठला कुठे ते सांगायचं.” आजी म्हणाल्या, “बसते. पन रास नीट कर.” मग बाई माझ्याकडे वळल्या. “आणि सर, काकूंची वस्तू?”

“बशी आहे,” मी म्हणालो. “पांढरी. काठ निळा.”

“उद्या घेऊन या. घरून फोडून आणू नका, इथे फोडा. त्यातलं पांढरं मला द्यायचं.”

हे न्याय्य होते. मी त्यावर घरी येऊन पुष्कळ विचार केला आणि मला त्यात काहीही चूक सापडली नाही. दुधावरून बशी उचलली, तेव्हा तिच्या पाठीला सायीचा एक वर्तुळाकार पातळ पापुद्रा होता. तो मी धुतला नाही. धुवावा की न धुवावा याचा विचार करत थोडा वेळ उभा राहिलो, एवढेच. मग ती वर्तमानपत्रात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन जिना उतरताना मला असे वाटले की आत्ता मला ठेच लागावी आणि ही पडावी, म्हणजे फोडण्याचा प्रश्न राहणार नाही. मी कठड्याला धरून उतरलो.

खाली सगळे आपापल्या कामात होते, तरी मी आल्याचे सगळ्यांनी पाहिले. कोणीतरी हातोडी पुढे केली. मी गोणपाट मागितले आणि ते ओले करून आणायला सांगितले. ते दुहेरी करून फरशीवर पसरले. बशी पालथी ठेवली. आणि मला मे महिन्यातली ती गच्ची दिसते. मी तुमचा डबा घेऊन आलो आहे, डोक्यावर रुमाल आहे, लवकर निघायचे आहे. तुम्ही ऊन जाणवतच नसल्यासारखे उकिडवे बसलेले. कोणीतरी फेकून दिलेली एक ताटली तुमच्यापुढे आहे, कारण लाद्या कमी पडल्या आहेत. “ये, हे बघ,” तुम्ही म्हणता. “तोंडावर नाय मारायचं. तोंडावर मारलंस का चकाकी उडते, मंग तो तुकडा मेला. पालथं घालायचं, वल्या गोनपाटात. बुडाची ही कडी हाय ना, हिच्यावर बी नाय. कडीच्या आत. मधोमद. एकदाच.” तुम्ही हातोडी माझ्या हातात देता. मी घड्याळ पाहतो, पण मारतो. ताटली आवाज न करता उकलते. “हां,” तुम्ही म्हणता, आणि तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे पाहता, आणि मग तो डबा उघडता.

मी गोणपाटाची घडी बशीवर आणली, कडीच्या आतला मध्य अंगठ्याने चाचपला आणि एकदाच मारले. घडी उघडली तेव्हा नऊ तुकडे होते. चकाकी कुठेही उडालेली नव्हती. काठाचे सहा तुकडे निळे-पांढरे, मधले तीन निव्वळ पांढरे. ते तीन मी बाईंच्या हातात दिले. त्यांनी ते बाकीच्या पांढऱ्यात लगेच टाकले नाहीत; एक क्षण तळहातावर धरले आणि मग टाकले. त्या क्षणानंतर ते तीन कोणते, हे मलाही सांगता आले नसते.

भिंत होण्यास पुढे सोळा दिवस लागले. बशीच्या काठाचे तुकडे खाडीच्या पाण्यात गेले, ते मी स्वतः बसवले. काठाला बाक असल्यामुळे ते सपाट बसत नाहीत, थोडे खोल दाबावे लागतात. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले, वाळायच्या आत लाकडाच्या भुशाने पुसले. राशी बाईंनी केल्या आणि आजी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांना रोज बोल लावत राहिल्या. एका सकाळी आजींनी पांढरा एक तुकडा क्रेटमधून उचलला आणि हाच तो, म्हणाल्या. त्यावर डाग नव्हता. हा तोच कशावरून, असे कोणी विचारले नाही. बाईंनी तो राशीच्या टोकावर लावला. माझ्याशी आजी अजूनही बेताने बोलतात, आणि ते योग्यच आहे. आता तळ्याकडे जाणारे लोक भिंतीपाशी थांबतात, तुकड्यांवरून हात फिरवतात. बाई बंदराकडच्या एका गावात अशीच दुसरी भिंत करायला जाणार आहेत, आणि मी बरोबर येईन का, असे त्यांनी विचारले. निवडण्याचे काम सोडून काहीही करीन, असे मी म्हणालो. त्या हसल्या. दुधावर आता स्टीलची ताटली ठेवतो. ती नीट बसते.

हे पत्र पाठवण्याचा प्रश्नच नाही. ते मी घडी करून कपाटात ठेवीन आणि पुढे कोणाच्या तरी हाती रद्दीत जाईल. परंतु एक गोष्ट वर लिहायची मी टाळली, आणि ती टाळून पत्र संपवणे बरे दिसणार नाही. मी गोणपाट उघडले तेव्हा दुकानदार जवळच होते. त्यांनी वाकून ते नऊ तुकडे पाहिले, एक उचलून उजेडात धरला. “सर, हे कुठं शिकलात?” त्यांनी विचारले. “आमच्या दुकानात येणाऱ्या मिस्त्र्यांना पण असं साफ फोडता येत नाही.” आजीही म्हणाल्या, “हात बसल्याला हाय तेचा.” सगळे माझ्याकडे पाहत होते. बाई पाहत होत्या. तुमचे नाव, तुमचे काम, ती गच्ची, एवढे सगळे एका वाक्यात सांगता आले असते, आणि त्या माणसांत ते सांगायला लाजण्याचे काहीही कारण नव्हते.

कुठेतरी वाचनात आले होते, असे मी सांगितले.